नवी गाडी घेताना: भाव कुठे कमी होतो आणि कर्ज कुठे महाग पडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातलं एक शिक्षक दांपत्य. आठ वर्षं वापरलेली हॅचबॅक काढून नवी पेट्रोल गाडी घ्यायची आहे, चार मीटरच्या आतली, ११९७ सीसीची. शोरूमने ऑन-रोड, म्हणजे कर-विमा सगळं धरून, ११ लाखांचं कोटेशन दिलं आहे. त्यावर १५ हजारांची सूट आणि मॅट फ्री. कर्ज ८ लाख, सात वर्षांसाठी, 'हप्ता तेरा हजारांच्या आत'. भाव आणखी कमी होईल का, कर्ज शोरूममधून घ्यावं की आपल्या बँकेतून, आणि दसऱ्यापर्यंत थांबावं का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी बरीच वर्षं शोरूमच्या फायनान्सच्या टेबलावर बसलो, त्यानंतर एका सहकारी बँकेचा वाहनकर्ज विभाग पाहिला. त्या अनुभवावरून सांगतो: '११ लाखांचे किती कमी करता?' हा प्रश्न विचारूच नका. ११ लाख हा एक भाव नाही, सात-आठ वेगवेगळ्या रकमांची बेरीज आहे. त्यातल्या काही रकमा कोणालाच बदलता येत नाहीत आणि काही पूर्णपणे तुमच्या हातात आहेत. एकत्र आकड्यावर घासाघीस केली की एका ओळीत दिलेली सूट दुसऱ्या ओळीतून परत घेतली जाते आणि तुम्हाला ते कळतही नाही.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन उलगडून पाहू. एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विम्याआधीची गाडीची किंमत, ९,००,०००. रोड टॅक्स आणि नोंदणी १,०३,४००. फास्टॅग ६००. विमा ४८,०००. हँडलिंग ९,०००. ॲक्सेसरीज २३,०००. एक्स्टेंडेड वॉरंटी १६,०००.

पहिल्या तीन ओळींची बेरीज १०,०४,००० होते. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते. त्यात जीएसटी आधीच धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुमच्या गटातल्या गाड्यांवर, म्हणजे चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर, तो १८ टक्के आहे. म्हणून कोणी 'जीएसटी कमी झाल्याचा फायदा' वेगळी सूट म्हणून दाखवत असेल तर ती सूट धरू नका, तो कर सरकारने कमी केलेला आहे. रोड टॅक्स महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के लागतो, दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यावर १३. डिझेलला तो १३ टक्क्यांपासून सुरू होतो. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर सरसकट २० टक्के, त्यामुळे स्वतःची छोटी फर्म असलेल्यांनी आधी सीएला विचारावं. तुम्हाला ते लागू नाही. टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गाडी विकताना गोळा करायचा आयकर, तोही लागू नाही, कारण तो दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का लागतो. ज्यांना लागतो त्यांनीही तो खर्च समजू नये, रिटर्न भरताना तो करात वळता करून घेता येतो.

राहिले ९६,०००. विमा, हँडलिंग, ॲक्सेसरीज, वॉरंटी. भाव करायचा तो इथे.

याचं कारण डीलरच्या धंद्यात आहे. नव्या गाडीवर त्याला कंपनीकडून मिळणारं मार्जिन बारीक असतं, छोट्या गाड्यांत तर फारच. शोरूमचं भाडं, पगार आणि उभ्या स्टॉकवरचं व्याज भागतं ते विम्याच्या कमिशनवर, कर्ज मिळवून दिल्याबद्दल बँकेकडून मिळणाऱ्या पेआउटवर, ॲक्सेसरीजवर, जुन्या गाडीच्या व्यवहारावर आणि पुढे वर्कशॉपवर. म्हणून सेल्समन गाडीच्या किमतीत दहा हजार सोडायला वेळ घेतो आणि विम्याच्या ओळीत तेच दहा हजार लगेच सोडू शकतो. तो फसवतो आहे असं मानून जाऊ नका. त्याला टार्गेट आहे, त्याच्या हातात ठरावीक मर्यादा आहे, आणि त्यापलीकडची मंजुरी मॅनेजरकडे असते. त्याच्याशी नीट बोललात तर तोच तुमच्यासाठी आत जाऊन भांडतो.

आता विमा. इथे थोडा वेळ द्या, कारण तुमच्या बाबतीत मोठी रक्कम इथे सुटणार आहे.

नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, विमा सक्तीचा आहे, सप्टेंबर २०१८ पासून. त्याचा दर सरकारी आहे. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या नव्या कारला तीन वर्षांचे १०,६४० रुपये आणि वर जीएसटी. कुठूनही घ्या, हा आकडा तोच राहणार. उरलेला भाग म्हणजे एका वर्षाचा ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा), झीरो डेप्रिसिएशनसारखे (क्लेममध्ये सुट्या भागांची घसारा न कापणारे) ॲड-ऑन आणि मालक-चालकाचा अपघात विमा. या भागात कंपनीगणिक फरक पडतो आणि डीलरचं कमिशनही इथेच असतं. शोरूममधूनच विमा घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेरून त्याच ॲड-ऑनसह, त्याच आयडीव्हीवर दोन कोटेशन काढा. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत. नव्या गाडीची आयडीव्ही साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे तुमच्या गाडीची ८,५५,००० असायला हवी. ती खाली ओढून प्रीमियम स्वस्त दाखवलेला नाही ना, हे आधी पाहा. मग ती कोटेशन टेबलावर ठेवा. बहुतेक शोरूम जवळपास तेवढ्यावर येतात. दोन-तीन हजारांचाच फरक उरला तर मी शोरूमचाच विमा घ्यायला सांगतो, कारण पहिल्या वर्षी त्याच वर्कशॉपमध्ये कॅशलेस क्लेम सोपा जातो. बाहेरून घेतलात तर ती विमा कंपनी त्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस देते का, हे आधी लेखी विचारा.

तुमच्या कोटेशनमध्ये एनसीबीची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या नो क्लेम बोनसची, ओळच नाही. जुन्या गाडीवर आठ वर्षांत एकही क्लेम नाही असं तुम्ही लिहिलंत. विमा वेळेवर नूतनीकरण केलेला असेल तर तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला असणार. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर तिच्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. ते दाखवलं की नव्या गाडीच्या मूळ ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्के सवलत मिळते. मात्र क्रम चुकवू नका. आधी जुन्या गाडीचा व्यवहार, मग पत्र, मग नवी पॉलिसी. शिवाय जुनी गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावावर नवी घेतली तर ही सवलत लागू होते. जुनी सरांच्या नावावर आणि नवी मॅडमच्या नावावर असं ठरत असेल, तर एवढी रक्कम सोडायची आहे का, हे घरी आधी बोलून घ्या.

अपघात विम्याचंही पाहा. तुमच्याकडे १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर तसं लिहून देऊन पॉलिसीतला तो भाग वगळता येतो.

हँडलिंग चार्जेसबद्दल फार बोलायची गरज नाही. कंपनीच्या गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणणं हे डीलरचं काम आहे, त्याचे पैसे ग्राहकाने वेगळे द्यायचे नसतात. 'ही रक्कम कशाची, आणि तिची स्वतंत्र पावती मिळेल का?' एवढं शांतपणे विचारा. ती ओळ जाते.

ॲक्सेसरीजच्या २३ हजारांत काय आहे ते यादीनिशी मागा. अंडरकोटिंग, टेफ्लॉन, 'एसेन्शियल किट' असली नावं असतील तर काढायला सांगा. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप लागतात, पण ते साताऱ्यातल्या बाजारात निवांत घेता येतात. एकच सांभाळा: वायरिंग कापून बसवायची कोणतीही वस्तू बाहेरून बसवू नका, त्या भागाच्या वॉरंटीचा वाद होतो. 'मॅट फ्री' ही सूट नाही, तिची किंमत विचारून ती रोख सुटीत मागा. एक्स्टेंडेड वॉरंटी मला चांगली वाटते, विशेषतः इलेक्ट्रॉनिक्सने भरलेल्या गाड्यांना. पण बऱ्याच कंपन्यांत ती मूळ वॉरंटी संपायच्या आधी केव्हाही घेता येते, फक्त उशीर केला तर किंमत वाढते. ती आजच घेणार असाल तर भाव करताना तुमच्या बाजूने ठेवा: 'वॉरंटी तुमच्याकडूनच घेतो, हँडलिंग काढा आणि विमा बाहेरच्या भावाला द्या.'

यानंतर कंपनीच्या योजना. कन्झ्युमर ऑफर, एक्स्चेंज बोनस, स्क्रॅपेज (जुनी गाडी मोडीत काढल्याची सवलत), कॉर्पोरेट किंवा सरकारी नोकरांसाठीची सवलत, जुन्या ग्राहकाची लॉयल्टी. या सगळ्याचं परिपत्रक दर महिन्याला डीलरकडे येतं. तुम्हाला १५ हजार सांगितले ते यातलंच काहीतरी असणार. 'या महिन्याच्या योजनेत या व्हेरियंटला कोणकोणत्या ऑफर आहेत, आणि शिक्षक म्हणून आम्हाला कोणत्या बसतात?' असं विचारा. शिक्षकांसाठी बऱ्याच कंपन्या वेगळी रक्कम ठेवतात आणि मागितल्याशिवाय ती कोणी काढत नाही. कंपनीची सगळी रक्कम हाती आल्यावरच 'आता तुमच्याकडून किती?' हे विचारायचं.

जुन्या गाडीचं गणित स्वतंत्र ठेवा. एक्स्चेंज बोनस आणि गाडीची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेकदा बोनस २५ हजार दाखवतात आणि गाडीच तीस हजारांनी पाडून धरतात. ट्रू व्हॅल्यू, स्पिनी, कार्स२४ अशा दोन ठिकाणी आणि साताऱ्यातल्या एखाद्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडे भाव काढा. शोरूमचा भाव अधिक बोनस, आणि बाहेरचा नुसता भाव, एवढी तुलना करायची. गाडी कोणालाही द्या, मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, ताबापावती आणि तारीख-वेळ लिहून घ्या, आणि नाव बदललेलं ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर अपघाताची भरपाई येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केलेलं आहे. इथे हलगर्जीपणा केलेली माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखांना जाताना मी पाहिली आहेत.

आता कर्ज.

'तेरा हजारांच्या आत' हा हप्ता बरोबर आहे. ८ लाख, ९ टक्के, सात वर्षं, हप्ता १२,८७१. पण एकूण व्याज होतं २,८१,००० च्या वर. तेच पाच वर्षांत फेडलं तर हप्ता १६,६०७ आणि व्याज सुमारे १,९६,०००. महिन्याला ३,७३६ रुपये जास्त भरून ८५ हजार वाचतात. शोरूममध्ये तुम्ही हँडलिंगच्या नऊ हजारांसाठी तासभर बोलाल आणि हा निर्णय दोन मिनिटांत होईल. माझा आग्रह उलट आहे: आधी मुदत ठरवा. दोघांचाही पगार आहे, पाच वर्षांचा हप्ता झेपतो आहे, तर सात वर्षांकडे जाऊ नका.

व्याजाखेरीज आणखी एक कारण आहे. तीन वर्षांनी सात वर्षांच्या कर्जात ५,१७,००० शिल्लक असतात, पाच वर्षांच्या कर्जात ३,६३,०००. तीन वर्षं ओलांडलेल्या गाडीची आयडीव्ही मूळ किमतीच्या ४० टक्के कमी धरतात, म्हणजे तुमच्या ९ लाखांच्या गाडीची ५,४०,०००. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विम्याचे जवळपास सगळे पैसे बँकेला जातील आणि तुमच्या हाती गाडीही नसेल, पैसेही नसतील. जे ऑन-रोडच्या शंभर टक्क्यांवर कर्ज घेतात त्यांना तर वर खिशातून भरावं लागतं.

व्याजदर विचारताना 'रिड्युसिंग की फ्लॅट?' हे पहिलं वाक्य असू द्या. रिड्युसिंगमध्ये व्याज फक्त शिल्लक रकमेवर लागतं, फ्लॅटमध्ये शेवटपर्यंत मूळ रकमेवर. ५ टक्के फ्लॅट ऐकायला स्वस्त वाटतं. ८ लाखांवर पाच वर्षांचे २ लाख, हप्ता १६,६६७. वरच्या ९ टक्के रिड्युसिंगपेक्षा तो साठ रुपयांनी जास्तच आहे. बँका आता सहसा रिड्युसिंगच सांगतात, पण काही फायनान्स कंपन्या आणि काही पतसंस्थांच्या बोलण्यात फ्लॅट अजून येतो. तुमच्या शिक्षकांच्या पगारदार पतसंस्थेतही चौकशी करा, मात्र दर कोणत्या पद्धतीचा हे पक्कं करूनच तुलना करा.

ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं. त्यात एपीआर नावाचा एक टक्का असतो, व्याज आणि सगळे शुल्क धरून येणारा खरा वार्षिक दर. दोन ठिकाणची तुलना त्याच आकड्याने करा. प्रोसेसिंग फी, डॉक्युमेंट चार्जेस, आणि हळूच घातलेला कर्ज-सुरक्षा विमा, सगळं त्यात दिसतं. तो विमा सक्तीचा नाही. तुमचा टर्म इन्शुरन्स असेल तर तो काढून टाकायला सांगा. तुमच्या कर्जावर अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे पाच वर्षांत सुमारे ११,६०० रुपये, त्यामुळे एक टक्का फी घेणारी स्वस्त बँक आणि फी माफ करणारी थोडी महाग बँक यांत कधी कधी काहीच फरक उरत नाही.

फिक्स्ड की फ्लोटिंग, म्हणजे दर शेवटपर्यंत तोच की बाजाराप्रमाणे बदलणारा? २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, आणि फ्लोटिंगवाल्यांना त्याचा फायदा झाला. दर पुन्हा वर जाऊही शकतात. पण तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांनी काही एकरकमी पैसे येणार आहेत. मग तुमच्यासाठी फ्लोटिंग. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या अशा वैयक्तिक फ्लोटिंग कर्जावर मुदतीआधी फेडण्याचा दंड लावता येत नाही, फायनान्स कंपन्यांनाही नाही. फिक्स्डवर मात्र काही ठिकाणी सुरुवातीला शिल्लक रकमेच्या पाच-सहा टक्के घेतात.

शोरूममधलं कर्ज वाईट असतं असं नाही. तिथे अनेक बँकांचे प्रतिनिधी असतात आणि महिनाअखेरीस तुमच्या बँकेपेक्षा कमी दर निघू शकतो. म्हणून पहिल्यांदा तुमचा पगार जमा होतो त्या बँकेत जा, मंजुरीपत्र हातात घ्या, आणि मगच शोरूमला म्हणा, 'याहून चांगलं असेल तर दाखवा.' तोपर्यंत पॅन, आधार, ओटीपी कोणाला देऊ नका. कागद टेबलावर आले की एकाच दिवशी चार बँकांत अर्ज पडतात, चार चौकश्या तुमच्या सिबिलवर नोंदल्या जातात, आणि पाचव्या बँकेचा अधिकारी विचारतो की यांना चौघांनी का नाकारलं. आणि किंमत लेखी ठरण्याआधी कर्ज कुठून घेणार हे सांगू नका. 'अजून ठरलेलं नाही' म्हणणं पुरे. नाहीतर शोरूमचं कर्ज घेतलं तरच अमुक सूट, अशी गाठ मारली जाते. ती मारलीच तर सुटीची रक्कम आणि पाच वर्षांच्या व्याजातला फरक शेजारी मांडा. कंपनीच्या 'कमी व्याज' योजनेलाही हेच लावा, कारण बहुधा तिच्या बदल्यात रोख सूट सोडावी लागते.

भाव करायला साताऱ्यातच अडकून राहू नका. कराड, कोल्हापूर, पुणे इथून त्याच व्हेरियंटचं, त्याच रंगाचं कोटेशन ईमेलवर मागवा. रोड टॅक्स राज्यात सारखाच आहे आणि पुण्याहून घेतलेल्या गाडीला तुमच्या पत्त्यावर साताऱ्याचा एमएच-११ क्रमांक मिळू शकतो. डीलर ते काम करतो का, एवढं आधी विचारा. मग साताऱ्याच्या मॅनेजरना भेटा: 'साहेब, सर्व्हिसिंग इथेच करणार, गाडी तुमच्याकडूनच घ्यायची इच्छा आहे. या आकड्याला येत असाल तर आज बुकिंग करतो.' ठाम आकडा आणि आजची तयारी, एवढंच मॅनेजरला हवं असतं. जो 'बघतो, कळवतो' म्हणतो त्याच्यासाठी कोणी वरच्या मंजुरीला जात नाही. बुकिंगचे पैसे डीलरशिपच्या खात्यात, पावतीवर. सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको.

दसऱ्याचं विचारलंत. दसरा आणि पाडवा हे डिलिव्हरीचे दिवस आहेत, भावाचे नाहीत. मुहूर्ताच्या आठवड्यात शोरूमला पाय ठेवायला जागा नसते, मग सूट कशाला देतील? भाव होतो तो पितृपक्षात. ग्राहक येत नाहीत आणि महिन्याचं टार्गेट तर तसंच असतं. त्या पंधरवड्यात दर लेखी ठरवून बुकिंग करा आणि गाडी दसऱ्याला घ्या. श्रद्धा असेल तर बुकिंग सर्वपित्री अमावास्येनंतर घटस्थापनेला करा, पण बोलणी आधी उरकून ठेवा. फक्त किंमत बिल बनेल त्या दिवसाची धरतात, त्यामुळे मधल्या काळात कंपनीने दर वाढवले किंवा योजना बदलली तर काय, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. डिसेंबरअखेर सूट आणखी मोठी असते, पण ती संपणाऱ्या वर्षात बनलेल्या गाडीवर. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापून येतं आणि पुढे विकताना ग्राहक तेच पाहतो. तुम्ही गाडी आठ-दहा वर्षं वापरता, तेव्हा तुम्हाला ती सूट परवडेल. तीन-चार वर्षांत बदलणाऱ्याने घेऊ नये.

उरलेली रक्कम भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी चासी नंबर लेखी घ्या आणि तीच गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी पाहा. उत्पादनाचा महिना, ओडोमीटर, टायरवरची तारीख, दारांच्या कडा, बंपरच्या रंगातला फरक. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य असतं, म्हणून 'आधी पासिंग करून घेऊ, मग बघा' याला हो म्हणू नका.

तुमच्या कोटेशनवर माझा अंदाज विचाराल तर असा: हँडलिंगचे ९ हजार पूर्ण, ॲक्सेसरीजचे किमान १५ हजार, विम्यात एनसीबी धरून १२ ते १८ हजार, आणि १५ हजारांच्या जागी शिक्षकांची सवलत धरून कंपनीची जी पूर्ण ऑफर असेल ती. शोरूमने ऑफर एका रुपयानेही वाढवली नाही तरी ११ लाखांचं कोटेशन १०.५० लाखांच्या आत येतं. तेवढं झालं तर कर्जही ८ लाखांऐवजी साडेसात लाखांचं करा, बँकेच्या मंजुरीपत्रात रक्कम कमी करून घ्यायला एक अर्ज पुरतो.